कफ फुगवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

ऑर्थोच्या ओटीत (हाडांच्या शस्त्रक्रियागृहात) रुजू झालास, म्हणजे टुर्निकेटचं मशीन आता तुझ्याच हाती येणार: शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला हातापायाला बांधलेला हवेचा पट्टा, म्हणजे कफ, फुगवणारं यंत्र. कुणीतरी सांगेल, "हाताला २५०, पायाला ३५०, लाव आणि विसर." विसरायचं तर नाहीच, पण ते आकडेही (बीपीसारखेच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) डोळे झाकून घेऊ नकोस. सिस्टॉलिक (वरचं बीपी) १०० असलेल्या किडकिडीत माणसाला आणि १७० असलेल्या धिप्पाड माणसाला एकच आकडा, हे मला कधी पटलं नाही. दाब जितका जास्त तितका नसांना धोका, त्यातही कफच्या कडेखाली. दंडात रेडियल नर्व्ह (मनगट उचलणारी नस) आधी सापडते.

म्हणून दाब त्या-त्या रुग्णाचा काढ. मशीनमध्ये लिंब ऑक्लूजन प्रेशर (त्या हाता-पायातलं रक्त थांबायला लागणारा कमीत कमी दाब) मोजायची सोय असेल तर वापर. नसेल तर नाडीवर डॉप्लर (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं उपकरण) धरून कफ हळूहळू फुगव. आवाज थांबला तो आकडा. तो १३० पर्यंत असेल तर ४० मिळव, १३१ ते १९० असेल तर ६०, त्याहून वर ८०. लहान मुलांना ५०. भूल देऊन बीपी स्थिरावल्यावरच मोज. शेवटचा आकडा सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील, पण मोजलेला आकडा त्यांच्यापुढे तू ठेव. रुंद कफला कमी दाब पुरतो, तेव्हा बसेल तेवढा रुंद घे.

कफ बांधणं हे लोक उरकायचं काम समजतात. पॅडिंगला राहिलेली सुरकुती नंतर जशीच्या तशी कातडीवर उमटते. बांधून झाल्यावर नळी सोयीच्या बाजूला यावी म्हणून कफ फिरवायचा मोह होतो. त्यात खालची कातडी ओढली जाते, सरळ सोडून पुन्हा बांध. आणि पेंटिंग (कातडीला जंतुनाशक लावणं) चालू असताना तिथून हलू नकोस. स्पिरिटवालं द्रावण ओघळून पॅडिंगमध्ये मुरलं आणि वर कफ फुगला, की ते सुकायला वावच राहत नाही. कफ काढल्यावर खाली भाजल्यासारखा लाल पट्टा दिसतो. कफच्या कडेला चिकटणारा ड्रेप (निर्जंतुक आच्छादन) लावून ती वाट आधीच बुजव.

एस्मार्क बँडेज (कफ फुगवण्याआधी रक्त वर सारायला गुंडाळायची रबरी पट्टी) सरसकट नको. जंतुसंसर्ग, कॅन्सरची गाठ किंवा शिरेत रक्त गोठल्याचा संशय असेल तर पाय नुसता उंच धरायचा. अँटिबायोटिक आधीच गेलंय ना, तेही विचार. कफ फुगल्यावर दिलेलं औषध पुढे पोहोचत नाही. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शिरेची जोडणी) असलेला हात किंवा सिकल सेलचा रुग्ण दिसला तर गप्प बसू नकोस.

मशीनला घड्याळ असलं तरी फळ्यावर वेळ लिही. तास झाला की मोठ्याने सांग, मग दर पंधरा मिनिटांनी. सर्जन वैतागतील, वैतागू देत. दोन तासांपलीकडे काम जाणार असेल तर मध्ये हवा सोडून १० ते १५ मिनिटं रक्त फिरू द्यावं लागतं. तासाच्या आसपास बीपी उगाच चढताना दिसलं, तर ते बरेचदा टुर्निकेटचंच दुखणं असतं. अलार्म वाजला तर आधी नळी बघ: कुठे मुडपलीय, कुठल्या चाकाखाली आलीय. आवाज बंद करून पुढे जाणारे बरेच भेटतील.

बिअर ब्लॉकची (कफ फुगवून शिरेत औषध टोचून हात बधिर करायच्या पद्धतीची) गोष्ट वेगळी. शस्त्रक्रिया पाच मिनिटांत आटोपली तरी औषध टोचल्यापासून किमान २० मिनिटं हवा सोडायची नाही. नाहीतर लिग्नोकेनचा, म्हणजे त्या बधिर करणाऱ्या औषधाचा, लोंढा एकदम हृदयाकडे आणि मेंदूकडे जातो. दुहेरी कफ असेल तर आधी खालचा फुगव, तो धरतोय याची खात्री कर, मगच वरचा सोड. नळ्यांची अदलाबदल इथेच होते, म्हणून त्या आधीच खुणा करून ठेव.

सोडण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना सांग, कारण बीपी उतरतं आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. हवा गेली की कफ आणि पॅडिंग दोन्ही लगेच काढ. नुसता सैल पडलेला कफ शिरा अडवतो, धमनी मात्र वाहत राहते, आणि जखम जास्तच रक्ताळते. मग कातडी, बोटांचा रंग, नाडी बघ. कफची जागा, दाब आणि दोन्ही वेळा (फुगवल्याची आणि सोडल्याची) रुग्ण ओटीबाहेर जायच्या आत कागदावर यायला हव्यात.

कळावे.