वादळ होणार हे मॉडेल सांगतं, पण नेमकं कुठे?

प्रश्न : नमस्कार, आमच्या ग्रुपला उन्हाळी वादळांचा भारी नाद आहे, रोज सकाळी हवामान मॉडेलचे नकाशे उघडून बसतो. परवा केपचा आकडा ३००० च्या वर होता, मॉडेलच्या एका रनमध्ये, म्हणजे एका वेळच्या गणितात, संध्याकाळी बरोबर आमच्यावर वादळाचा लाल ठिपका, पुढच्या रनमध्ये तो ५० किलोमीटर सरकला, त्याच्या पुढच्यात गायब, आणि शेवटी आमच्याकडे काहीच झालं नाही. एवढे मोठे कॉम्प्युटर असून हे का जमत नाही?

उत्तर : आधी केपचं बघू, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. जमिनीलगतची गरम दमट हवा वर सुटली तर तिला किती ऊर्जा मिळेल याचा हिशोब म्हणजे केप, आणि यातलं "सुटली तर" फार महत्त्वाचं आहे. किलोमागे २००० ज्यूल केप धरला तर कागदावर वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ६३ मीटर निघतो, खरा बराच कमी असतो कारण आजूबाजूची कोरडी हवा मिसळते आणि पाण्याचं वजनही वर ओढावं लागतं. पण मुळात ती हवा सुटायला तर हवी ना! बऱ्याचदा एक-दोन किलोमीटर उंचीवर गरम हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, आणि तो फोडायला दोन बाजूंचे वारे एकमेकांना भिडणं, डोंगराचा उतार किंवा आधीच्या वादळातून पसरलेला गार वारा असं काहीतरी लागतं. ते नाही मिळालं तर केप ३००० असो की ४०००, दिवस कोरडा जातो. म्हणून केपच्या शेजारी सीनचा नकाशा कायम उघडा ठेवा, त्या झाकणाची ताकद त्यात दिसते.

आता ठिपका का सरकतो. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी गणित करतं. युरोपियन जागतिक मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकन जीएफएसचा १३ च्या आसपास. वादळाचा एक साधा सेल, म्हणजे एक सुटा वादळी ढग, ५-१० किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात संपतोही, म्हणजे अख्खा सेल एका-दोन चौकोनांत मावला, आणि मॉडेलला कुठलीही गोष्ट नीट पकडायला सलग सहा-सात चौकोन तरी लागतात. त्यामुळे ही मॉडेल्स वादळ तयार करतच नाहीत, चौकोनातली एकूण परिस्थिती बघून सूत्राने पाऊस काढतात, आणि या सूत्रांची जुनी खोड अशी की जमिनीवरचा पाऊस भर दुपारीच सुरू करायचा, प्रत्यक्षात ढग फुटतात ते उशिरा दुपारी किंवा संध्याकाळी. ३ किलोमीटर चौकोनाचं, अमेरिकेच्या एचआरआरआरसारखं मॉडेल मात्र खरोखर वादळं उभी करतं, दर तासाला नवा रन येतो, चित्र अगदी रडारसारखं दिसतं आणि मला वाटतं तिथेच फसायला होतं, कारण इतकं खरं दिसणारं चित्र माणूस खरंच धरून चालतो. त्याच्याकडून वादळं सुटी असतील की रांगेत, साधारण किती वाजता सुरू होतील, जोर किती, एवढं घ्यावं. जागा चाळीस-पन्नास किलोमीटर चुकणं नेहमीचंच आहे.

हे कॉम्प्युटर मोठा केला की संपेल असंही नाही. फुग्याला बांधून वर सोडलेल्या उपकरणांनी हवेची मोजणी बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच होते, तीही शेकडो किलोमीटर अंतरावरच्या स्टेशनांवर, आणि खालच्या हवेचा दवबिंदू (म्हणजे दमटपणाचं माप) एका अंशाने इकडेतिकडे झाला तरी केप काहीशे ज्यूलने बदलतो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी तर १९६९ च्या पेपरमध्येच मांडलं होतं की जेवढी रचना छोटी तेवढी तिच्यातली चूक झपाट्याने वाढते, सुट्या मोठ्या ढगांच्या आकाराच्या हालचालींचा अंदाज तासाभरापुरता, मोठ्या हवामान प्रणालींचा काही दिवसांचा. त्यामुळे आदल्या रात्री एका ठिपक्यावर जीव टांगू नका. पाच-सहा रन एकत्र बघा, एन्सेम्बल (सुरुवात थोडी थोडी बदलून केलेले अनेक अंदाज) बघा, सगळे एकाच पट्ट्यात वादळं दाखवत असतील तर तो पट्टा गंभीरपणे घ्या, आणि दुपारनंतर नकाशे बाजूला ठेवून सॅटेलाइट आणि रडारवर या.

प्रश्न : अॅपमध्ये ४० टक्के म्हणजे ४० टक्के भागात पाऊस का?

उत्तर : नाही. अशी परिस्थिती असलेले दहा दिवस घेतले तर त्यातल्या साधारण चार दिवशी तुमच्या जागेवर पाऊस पडेल, असा अर्थ. किती पडेल आणि किती वेळ, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

प्रश्न : रडारवर सेल आमच्याकडे येताना दिसतो आणि मध्येच विरतो, शेजारी भलताच उगवतो, असं का?

उत्तर : सेलमधून पाऊस पडायला लागला की त्याच्यासोबत गार हवा खाली येते, जमिनीवर पसरते आणि त्याच सेलचा गरम हवेचा पुरवठा तोडते, म्हणून तो विरतो. तीच गार हवा पुढे जाऊन दुसरीकडची गरम हवा उचलते आणि तिथे नवा सेल उगवतो. रडारवर कधीकधी पावसाच्या पुढे एक बारीक वाकडी रेघ सरकताना दिसते, ती या गार हवेची कड असते. अशा दोन रेघा जिथे भिडणार असतील तिकडे आधी बघायचं. आणि हे गच्चीवर उभं राहून करत असाल तर गडगडाट ऐकू आला की लगेच आत, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, फोटो कितीही चांगला मिळत असला तरी.