रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरचा तुमचा आवडता क्रीडा समालोचक कोण? समालोचन शिकायचे असेल तर कुणाचे ऐकावे?

रेडिओवर मराठीतून समालोचन करणारे बाळ ज. पंडित आणि दूरचित्रवाणीवर ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ. प्रश्नाखाली आपण "मराठी नावे नकोत, खरे समालोचन इंग्रजीतच" अशी पुस्ती जोडली नसती, तर मी उत्तर लिहायला बसलोही नसतो.

हेच वाक्य माझे काका आयुष्यभर म्हणत आले. तरुणपणी त्यांनी रेडिओवरचे इंग्रजी समालोचक बॉबी तल्यारखान यांना ऐकले होते. जोडीला दुसरा समालोचक न घेता हा माणूस एकट्याने दिवसच्या दिवस सामना सांगत असे, याचे त्यांना फार कौतुक. घरात रेडिओ एकच आणि त्याची कळ काकांच्या हाती. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिलावहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजशी झाला, तेव्हा मात्र काका अंघोळीला गेले की आजी मराठी समालोचन लावायला सांगे. तिने मैदान कधी पाहिले नव्हते. पाटावर खडूने खेळपट्टी आखून ती क्षेत्ररक्षकांच्या जागी चिंचोके मांडत असे आणि निवेदकाने दुसरी स्लिप काढून गलीत नेली की तिचा चिंचोकाही सरकत असे. एकनाथ सोलकर डावखुरा, जोडीदार उजव्या हाताने खेळणारा. त्यामुळे एकेरी धाव निघाली की पाटावरची सगळी मांडामांड उलटी करावी लागे आणि पुढचा चेंडू पडण्याच्या आत ती तिने केलेली असे. सोलकरने त्या डावात १०२ धावा केल्या, म्हणजे आजीला किती काम पडले असेल याचा अंदाज करावा. काका अंघोळीहून परतले, त्यांनी इंग्रजी समालोचन लावले आणि पाटावरचे चिंचोके जागच्या जागी थांबले. "अरे, तुझ्या त्या साहेबाला विचार, चेंडू गेला कुठे," असे आजी म्हणाली. काकांनी उत्तर दिले नाही, कारण निवेदक त्या वेळी प्रेक्षागृहात कोण पाहुणे आले आहेत ते सांगत होता.

माझ्या मते रेडिओवरच्या समालोचकाची परीक्षा एवढीच आहे, की त्याच्या बोलण्यावरून पाटावर चिंचोके मांडता आले पाहिजेत. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतो आहे, क्षेत्ररक्षक कुठे आहेत, चेंडू कुठून निसटला आणि धावसंख्या काय झाली, हे ज्याला त्या क्रमाने सांगता येत नाही तो नुसता गप्पिष्ट. पंडित महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले असल्यामुळे क्षेत्ररचना त्यांच्या बोलण्यात आपसूक येई. हिंदीत सुशील दोशी आणि हॉकीसाठी जसदेव सिंग हेही याच पंक्तीतले.

दूरचित्रवाणीचे गणित उलटे आहे. चेंडू कुठे गेला हे प्रेक्षकाला दिसतच असते, म्हणून चित्रात भर घालता येत नसेल तर बोलू नये, हा बेनॉ यांचा दंडक. हल्ली तीन-तीन माजी खेळाडू एका वेळी बोलत असतात आणि चौकार गेला हे आपल्याला तिघांकडून कळते. बेनॉ इंग्रजीतच बोलत, हे काकांच्या बाजूच्या लोकांनी लक्षात घ्यावे. माझा राग इंग्रजीवर नाही, तिच्या नावाखाली खपवल्या जाणाऱ्या बडबडीवर आहे.

आता शिकण्याविषयी. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून एक षटक मोठ्याने सांगावे आणि पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला क्षेत्ररचना कागदावर काढायला लावावी. ती चुकली तर दोष आपला. मराठी समालोचनात शब्दांचा फुलोरा कधी कधी अती होई, हेही मान्य करायला हवे, आणि तल्यारखान यांना मी ऐकलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी माझे मत नाही. पण काकांचे चिरंजीव आजही वडिलांचेच पालुपद चालवतात आणि हे उत्तर ते वाचणारच. त्यांनी आपल्या आवडीच्या कुठल्याही इंग्रजी समालोचकाची अर्ध्या तासाची ध्वनिफीत घेऊन यावे. पाट आणि चिंचोके मी देतो.