कप्तानाचा अधिकार, अखत्यार की नुसता ताबा?

प्रश्न असा आलाय. एका विज्ञानकथेत तारायानाची कप्तान शत्रूच्या मोडकळीला आलेल्या यानातून अकरा जणांना पकडून आणते, जवळातला जवळचा तळ चार महिन्यांच्या अंतरावर, आणि ती आपल्या अधिकाऱ्यांसमोर म्हणते, "या बंद्यांच्या भवितव्याचा निर्णय घेण्याचा संपूर्ण अधिकार माझ्याकडे आहे." लेखकाचं विचारणं एवढंच की इथे 'अधिकार' ठेवू की 'अखत्यार', आणि 'बंदी' बरोबर की 'कैदी'.

आधी वाक्याबद्दलच बोलतो. व्याकरणात चूक काहीच नाही, पण हे परिपत्रकातलं वाक्य आहे, तोंडातलं नाही. दोन रात्री न झोपलेली, वैतागलेली बाई म्हणेल, "यांचं काय करायचं ते मी ठरवणार." झालं. त्यात 'भवितव्य' या शब्दाची एक गंमत आहे, 'कर्तव्य' म्हणजे जे करायलाच हवं तसं 'भवितव्य' म्हणजे जे व्हायचंच आहे, मग जे व्हायचंच आहे ते ही कप्तान बसून ठरवणार कसं? आता आपण तो शब्द सरसकट भविष्य या अर्थाने वापरतो आणि ते चालतं, त्यावरून मी कोणाशी भांडायला जाणार नाही, पण इथे तो शब्द जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही.

आता मूळ मुद्दा. 'अखत्यार' आला अरबी-फारसीतून, इख्तियार म्हणजे निवड, आपल्या मर्जीने एखादी गोष्ट पसंत करणं. त्याच धातूतून 'मुखत्यार', म्हणजे निवडलेला, नेमलेला माणूस, म्हणून मुखत्यारपत्र. म्हणजे मर्जी चालवायची मुभा आहे खरी, पण ती कोणीतरी नेमून दिलेली, आखून दिलेली. आणि मराठीत हा शब्द आपण कधी काढतो ते आठवून बघा, दहातल्या नऊ वेळा नकार द्यायला! "ते माझ्या अखत्यारीत येत नाही हो." छाती पुढे काढून "हे माझ्या अखत्यारीत आहे" म्हणणारा क्वचितच भेटतो. शब्दाबरोबर कुंपणही येतं, कुंपणाच्या आतलं माझं आणि बाहेरचं वरच्या साहेबांचं. 'अधिकार'ला असं कुंपण दिसत नाही, तो मोघम आहे, त्यात सत्ता पण येते आणि हक्क पण येतो, त्यामुळे "माझा अधिकार आहे" म्हणणाऱ्याला कोणी दिला हे सांगावं लागत नाही. तुमची कप्तान जर वरून आलेल्या हुकमावर बोट ठेवून बोलत असेल तर अखत्यार. जर हुकूमबिकूम काही नाही, ती रेटून नेतेय, तर अधिकार, आणि मग खोलीतल्या एका तरी अधिकाऱ्याने खाली मान घातलेली दाखवा.

पण मला विचाराल तर या कथेचा खरा शब्द तिसराच आहे, 'ताबा'. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम 12 मध्ये हेच नीट वेगळं केलंय, युद्धकैदी हे पकडणाऱ्या राष्ट्राच्या हाती असतात, ज्या माणसाने किंवा तुकडीने त्यांना पकडलं त्यांच्या नाही. म्हणजे पकडलं मी, दाराला कुलूप माझं, जेवण मी देतेय, एवढा ताबा माझा, तरी ते 'माझे' कैदी नाहीत. आणि त्याच करारातलं कलम 22 तर तुमच्या कथेसाठी घबाडच आहे, त्यात म्हटलंय की युद्धकैद्यांना ठेवायचं ते जमिनीवरच. जहाज ही कैदी डांबून ठेवायची जागा नव्हे. आता तुमची जमीन चार महिने लांब! चार महिने ती कप्तान नियम मोडत प्रवास करणार आणि तिला ते माहीत असणार, यापेक्षा चांगला पेच मुद्दाम शोधूनही सापडला नसता.

प्रत्यक्षातला कप्तान काय करू शकतो हे बघायचं तर विमान घ्या. 1963 च्या टोकियो करारात विमानाच्या कमांडरला गडबड करणाऱ्या माणसाबाबत जी ताकद दिलीय ती मराठीत तीन क्रियापदांत बसते, रोखणं, उतरवणं आणि हवाली करणं. शिक्षा करणं त्यात नाही. 'हवाली करणं' हा मला या सगळ्यातला सगळ्यात सुंदर शब्द वाटतो कारण त्यात पुढचं मी बघणार नाही, दुसरा कोणीतरी बघेल हे आपोआप येतं. अंतराळापुरतं म्हणाल तर 1967 च्या करारात यान ज्या देशाच्या नोंदणीत आहे त्याचाच अंमल यानावर आणि त्यातल्या माणसांवर राहतो असं आहे, म्हणजे तिथेही मालक कप्तान नाही, मुखत्यारच.

कुंपण ओलांडलं की काय होतं? 1842 साली अमेरिकन नौदलाच्या सॉमर्स नावाच्या जहाजावर कप्तान मॅकेन्झीने बंडाचा कट केल्याच्या संशयावरून तिघांना भर समुद्रात फासावर चढवलं. शत्रू नव्हे, त्याच्याच जहाजावरची माणसं, बेड्या घालून ठेवलेली, त्यातला एक तर तेव्हाच्या युद्धमंत्र्यांचा मुलगा. लष्करी कोर्ट बसलं नव्हतं, त्याने जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं लेखी मत तेवढं घेतलं. पुढे त्याच्यावरच खटला चालला आणि तो सुटला. आता याला मराठीत काय म्हणाल? 'निवाडा' म्हणवत नाही, निवाड्यात दोन्ही बाजू निवडून बघाव्या लागतात, आणि इथे तिघांची बाजू धड ऐकलीच गेली नाही. 'निर्णय' म्हणता येईल. 'निकाल' म्हणालात तर मात्र जपून.

कारण 'निकाल लावणे' दुधारी आहे. प्रकरणाचा निकाल लावतात तेव्हा कोर्ट असतं, माणसाचा निकाल लावतात तेव्हा माणूस उरत नाही. "कप्तान, या अकरा जणांचा निकाल आजच लावा" हे वाक्य एखाद्या दुय्यम अधिकाऱ्याच्या तोंडी घातलंत आणि कप्तानाने लगेच उत्तर दिलं नाही तर वाचकाच्या पोटात गोळा येईल, हे इतकं फुकटात देणारा शब्द दुसरा नाही. 'विल्हेवाट'चं तसंच, मुळात अर्थ नीट व्यवस्था लावणं, मार्गी लावणं, पण आता विल्हेवाट म्हटलं की कचरा नाहीतर प्रेत. "कैद्यांची विल्हेवाट" लिहिलंत तर ते मेले असंच वाचलं जाणार, मग तुम्ही पुढे कितीही सांगा की त्यांना तळावर उतरवलं.

बंदी की कैदी? दोन्हींच्या मुळाशी बांधणंच आहे, कैद म्हणजे अरबीत बेडी, आणि बंदी बंध् धातूतला, त्यामुळे अर्थाने फरक नाही, फरक कानाला आहे. 'बंदी' सरकारी कागदावरचा आणि त्याला मनाई वाली 'बंदी' सतत आडवी येते. "यानावर बंदी आहे" म्हणजे आत कोणीतरी कोंडलेलं आहे की यानालाच मज्जाव आहे? "कप्तानाने बंदी उठवली" तर विचारूच नका. संवादात कैदीच ठेवा. आणि एक अस्सल शब्द आपल्याकडे पडून आहे तो वापरा, 'कच्चा कैदी', ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचाय तो. अगदी चोख बोलायचं तर युद्धकैद्यावर मुळात खटलाच नसतो, त्याला शिक्षा म्हणून नाही तर लढाईतून बाजूला काढून ठेवलेलं असतं, त्यामुळे कायद्याच्या भाषेत हा शब्द बसणार नाही, पण एखाद्या जुन्या खलाश्याने "बाई, हे सगळे अजून कच्चे कैदी आहेत" असं म्हटलं तर त्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळेल. 'ओलीस' मात्र कोणाच्याही तोंडी चुकून येऊ देऊ नका, ओलीस म्हटलं की बदल्यात काहीतरी मागायचं आहे असा अर्थ होतो आणि तुमची कप्तान एका शब्दात खलनायिका होऊन बसेल.

'कर्णधार' पण सुचला होता असं तुम्ही लिहिलंय. शब्द मुळात जहाजाचाच, कर्ण म्हणजे सुकाणू आणि ते धरणारा तो कर्णधार, पण तो क्रिकेटने कधीच पळवला, आता कर्णधाराने कैद्यांना समोर बोलावलं म्हटलं की टॉस कोणी जिंकला असं डोक्यात येतं. कप्तान उत्तम आहे, बाईलाही चालतं, कप्तानीण वगैरे नको.

मी लिहिलं असतं तर असं काहीसं. "पकडलं आपण, तेव्हा ताबा आपला. तळावर पोचेपर्यंत यांना कुठे ठेवायचं, काय खायला घालायचं, कोणाला बेड्या घालायच्या, ते माझ्या अखत्यारीत. बाकीचं नाही." आणि मग त्या दुय्यम अधिकाऱ्याला विचारू दे की या अकरा जणांना धरून सगळ्यांना चार महिने अन्न पुरणार आहे का.