ग्रेड नंतर, आधी उत्तरपत्रिका

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. मिडटर्मला १०० पैकी ४८ मिळालेत, इतके कमी मार्क आजवर कधी पडले नव्हते, आणि वर्गात कुणीतरी ‘कर्व्ह लागणार आहे’, म्हणजे सगळ्या वर्गाचे मार्क बघून मार्क किंवा ग्रेड जुळवून घेतले जाणार आहेत, असं सांगून गोंधळात भर घातली आहे. तर आधी हिशेब करू. धीर द्यायचं काम बरंचसं हिशेबच करून टाकतो.

नुसत्या ४८ या आकड्याला काही अर्थ नसतो. त्याच्याबरोबर दोन आकडे लागतात: वर्गाची सरासरी, आणि प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत ते. समजा सरासरी ४२ आहे आणि विचलन १२. मग (४८ − ४२) ÷ १२ = +०.५, म्हणजे तू सरासरीच्या अर्धं विचलन वर. आता दुसरा एखादा विषय घे, जिथे ७८ मिळाले म्हणून तू निर्धास्त असशील. तिथली सरासरी ८४ आणि विचलन ६ असेल, तर (७८ − ८४) ÷ ६ = −१. वर्ग मोठा असेल आणि मार्कांचा आलेख साधारण घंटेच्या आकाराचा असेल, तर +०.५ म्हणजे तुझ्या मागे सुमारे ६९ टक्के मुलं. −१ म्हणजे मागे जेमतेम १६ टक्के. रिलेटिव्ह ग्रेडिंग, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड, असेल तिथे काळजी ७८ ची करायची.

विचलन कुणी जाहीर करत नाही, अशी तक्रार नेहमी असते. पण पुष्कळदा ‘निम्मा वर्ग ३४ ते ५० च्या मध्ये आहे’ एवढं तरी कळतं. मधल्या निम्म्या वर्गाची ही रुंदी, इथे १६, तिला १.३५ ने भाग. सुमारे १२ येतात. तेच तुझं अंदाजी विचलन. शिवाय सरासरीबरोबर मध्यकही विचार, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध असलेल्याचे मार्क. तीन-चार जणांनी पंचाण्णवच्या वर मारले असतील तर सरासरी वर ओढली जाते आणि मधला वर्ग उगाच मागे पडल्यासारखा दिसतो.

आता ‘कर्व्ह’. या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळे प्रकार खपतात, आणि तुझ्या विषयात नेमका कोणता लागतो हे कोर्सच्या पहिल्या दिवशी मिळालेल्या कागदात पाहायचं किंवा सरांना सरळ विचारायचं. पहिला प्रकार म्हणजे सगळ्यांना सरसकट ठरावीक मार्क वाढवणं. दुसरा, सर्वांत वरच्या मुलाचे मार्क १०० धरून बाकीच्यांचे त्या प्रमाणात वाढवणं. तिसरा वर्गमुळाचा: मार्कांचं वर्गमूळ काढून १० ने गुणायचं. ३६ चे ६० होतात, ४९ चे ७०, ८१ चे ९०. खालच्यांना जास्त हात, वरच्यांना कमी. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: रांगेतला क्रम तसाच राहतो. त्यामुळे ग्रेड जर शेवटी क्रमावरूनच ठरणार असेल, तर अशा वाढीव मार्कांनी दिसणं सुधारतं, ग्रेड नाही. ग्रेडच्या सीमा आधीच पक्क्या असतील, उदाहरणार्थ ६० ला एक ग्रेड आणि ७० ला वरचा, तरच त्या वाढीचा खरा उपयोग.

चौथा प्रकार खरा सापेक्ष. त्यात एक तर वरच्या इतक्या टक्क्यांना अमुक ग्रेड असं ठरलेलं असतं, नाहीतर सरासरीपासूनच्या अंतरावर सीमा आखलेल्या असतात. यात एक खाच आहे. १२० जणांच्या वर्गात टक्केवारीची वाटणी बऱ्यापैकी न्याय्य ठरते; १२ जणांच्या ऐच्छिक विषयात तीच वाटणी दोन-तीन मार्कांच्या फरकावर ग्रेड बदलते. लहान वर्ग आणि ठरावीक टक्केवारी एकत्र आली असेल, तर तिथल्या ग्रेडवरून स्वतःबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नकोस.

आणखी एक. कर्व्ह सहसा एकट्या मिडटर्मला लागत नाही, सेमिस्टरअखेरच्या एकूण बेरजेला लागतो. म्हणून ‘मिडटर्मचा ग्रेड’ असा प्रकार बऱ्याच ठिकाणी अस्तित्वातच नसतो. शिवाय कर्व्ह कितीही उदार असला, तरी पास होण्यासाठी किमान मार्कांची अट वेगळी असू शकते, कधी एकूण बेरजेवर, कधी नुसत्या लेखीवर. ती अट वाचून ठेव. ‘कर्व्ह सांभाळून घेईल’ या भरवशावर बसलेली मुलं या अटीवर अडकतात.

बेरजेतली एक गंमत फार थोड्यांच्या लक्षात येते. समजा असाइनमेंटना २० मार्क आहेत आणि जवळपास सगळ्यांना १८-१९ मिळतात. तिथे १९ मिळवून तू कुणाच्या पुढे जात नाहीस, पण दोन असाइनमेंट बुडवून १२ वर आलास तर थेट सहा-सात मार्कांनी सगळ्यांच्या मागे. उलट फायनलमध्ये मार्क विस्कटलेले असतात. रांग खरी तिथे ठरते. तेव्हा असाइनमेंट आणि क्विझ हे न गमावण्याचे मार्क, फायनल हे कमावण्याचे. पहिल्यांसाठी वेळेवर जमा करणं पुरतं. तिथे रात्री जागवून १८ चे १९ करण्यात हशील नाही.

तुझा पुढचा हिशेब असा मांड. समजा मिडटर्म ३० चं, त्यात ९ आहेत. असाइनमेंट २० चं, त्यात १६. फायनल ५० चं. एकूण ६० हवे असतील तर फायनलला ३५, म्हणजे ७० टक्के. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुझे त्यात घाल. जे उत्तर येईल ते त्या विषयाच्या मागच्या फायनलच्या सरासरीशी ताडून पाहा. सरासरी ५० पैकी २४ च्या आसपास राहत असेल तर ३५ ही लांबची उडी आहे, आणि मग लक्ष्य ५५ वर आणणं शहाणपणाचं. लागणारे मार्क ४५ च्या पुढे जात असतील तर विषय सोडण्याची शेवटची तारीख पाहून ठेव आणि त्याबद्दल कुणाशी तरी बोल. ती तारीख उलटल्यावर विचार करण्यात अर्थ नसतो. सोडण्याआधी हेही बघ की हा विषय पुढच्या कोणत्या विषयांसाठी सक्तीचा आहे, आणि तो पुन्हा कधी शिकवतात. वर्षातून एकदाच असेल तर सगळं वेळापत्रक वर्षभर पुढे सरकू शकतं.

एक खराब ग्रेड सगळं बुडवतो, ही भीतीही मोजून बघण्यासारखी आहे. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. १० च्या मापावर, पहिल्या सेमिस्टरच्या २० क्रेडिटपैकी १६ मध्ये ८ आणि ४ क्रेडिटच्या एका विषयात ५ मिळाले, तर सरासरी ७.४ येते. हा ०.६ चा खड्डा डोळ्यांत खुपतोच. पण पुढे सगळीकडे ८ राहिले, तर ८० क्रेडिटला ती ७.८५ होते आणि १६० क्रेडिटला ७.९२५. खड्डा तेवढाच, रस्ता लांब होत जातो.

आता महत्त्वाचं काम. उत्तरपत्रिका हातात घे. ज्या दिवशी मार्क कळतात त्या दिवशी नको. एक रात्र जाऊ दे, पण आठवडा नको. तपासणीबद्दल तक्रार करायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांची असते.

पहिल्या फेरीत फक्त तपासणी बघ: बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर किंवा पुरवणी तपासायची राहिली आहे का, आतले मार्क मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का. अशा चुका निर्विवाद असतात आणि लगेच दुरुस्त होतात. ‘या उत्तराला ४ ऐवजी ६ हवे होते’ हा मात्र वादाचा प्रांत. तिथे आदर्श उत्तर शेजारी ठेवून, कोणती पायरी बरोबर आहे आणि तिचे मार्क का मिळायला हवेत, हे दोन ओळींत लिहिता आलं तरच जा. अख्ख्या पेपरचं फेरमूल्यांकन मागताना मार्क कमी होऊ शकतात का, हा नियम आधी वाच.

दुसरी फेरी स्वतःसाठी. गमावलेला प्रत्येक मार्क चारपैकी एका रकान्यात टाक: माहीतच नव्हतं; माहीत होतं पण सुरुवात चुकीची झाली; प्रश्न, चिन्ह किंवा एकक वाचताना गफलत झाली; वेळ पुरला नाही. ६० पैकी ३३ गेले असतील तर ते बहुतेक ५, ८, ६, १४ असे काहीतरी वाटले जातील, आणि तुला वाटेल की मुख्य दोष वेळेचा.

इथे थांब. ‘वेळ पुरला नाही’ हा रकाना सगळ्यांत खोटारडा आहे. सुटलेले प्रश्न घरी पुस्तक मिटून, घड्याळ न लावता सोडव. सुटले तर वेळेचा दोष खरा. नाही सुटले तर ते मार्क पहिल्या किंवा दुसऱ्या रकान्यात हलव. ही हलवाहलव केल्यावर चित्र बरंच पालटतं, आणि उपाय त्या चित्राप्रमाणे ठरतो. वाचण्यातल्या गफलतींना आणखी चार तास अभ्यास हे औषध नाही. प्रश्नातल्या मागणीखाली रेघ मारणं आणि शेवटची दहा मिनिटं एककं तपासायला राखणं हे आहे. सुरुवात चुकीची होत असेल तर प्रकरणवार गणितं सोडवणं थांबव आणि वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून सोडव. प्रकरणाचं नाव डोक्यावर लिहिलेलं असलं की कोणती पद्धत वापरायची हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं.

वेळ खरोखरच कमी पडला असेल तर दर मार्काला किती मिनिटं ते काढ. १८० मिनिटांत १०० मार्क, त्यातली १५ वाचायला आणि तपासायला ठेव. उरली १६५, म्हणजे मार्काला १.६५ मिनिटं. १० मार्कांच्या प्रश्नाला १६ मिनिटं झाली की जागा सोडून पुढे. पायऱ्यांचे मार्क देणाऱ्या पेपरात कुठल्याही प्रश्नाचे पहिले पाच मार्क शेवटच्या दोनांपेक्षा खूप स्वस्त असतात. अडलेल्या प्रश्नावर अर्धा तास घालवून पुढचे दोन कोरे ठेवणं, हा हुशार मुलांचा आवडता तोटा.

‘माहीतच नव्हतं’ साठी मात्र अभ्यासाची पद्धतच बदलावी लागते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. नोट्सवर पिवळ्या रेघा ओढत तिसऱ्यांदा वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं. म्हणून लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिही. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. फायनलच्या आधी निदान तीन जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडव, आणि उत्तरं बघत बघत सोडवलेला पेपर त्यात मोजू नकोस.

सरांना भेटायला जाशील तेव्हा ‘मला पास करा’ किंवा ‘कर्व्ह किती लागेल’ हे विषय काढू नकोस. उत्तरपत्रिका आणि चार रकान्यांचा तो तक्ता ने, आणि विचार: ‘या तीन प्रश्नांत माझी सुरुवात चुकली. ती ओळखायची कशी? सरावासाठी कोणती गणितं घेऊ?’ अशा प्रश्नावर शिक्षक हमखास बोलतात. आठवडाभर आधी मेल टाक, वेळ ठरवून घे.

मित्राला समजावून सांगितलं तर तो पुढे जाईल आणि कर्व्हमध्ये आपण मागे पडू, असंही तू विचारलं आहेस. हिशेब बघ: १२० जणांच्या वर्गात एकाचे १० मार्क वाढले तर सरासरी ०.०८ ने वाढते. समजावून सांगताना तुझी स्वतःची एक फट जरी उघडी पडली तरी तुझे त्याहून कितीतरी जास्त मार्क वाचतात. बाराजणांच्या वर्गात हे गणित थोडं बदलतं, पण तिथेही मी नोट्स लपवण्याच्या बाजूने नाही.

कर्व्हचा खरा धोका मला वेगळाच वाटतो. ४८ वर चांगला ग्रेड मिळाला की विषय मिटला असं वाटतं. कर्व्हने ग्रेड वर येतो, न समजलेली ५२ मार्कांची सामग्री न समजलेलीच राहते. पुढच्या सेमिस्टरचा विषय त्यावर उभा असेल तर ती तिथे अडवणारच. तेव्हा ग्रेड काहीही येवो, पहिले दोन रकाने सुट्टीत भरून काढ.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं मनात येत असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेव आणि आजच कुणाला तरी सांग: घरच्यांना, समुपदेशकाला, डॉक्टरांना, किंवा मला, रात्री कितीही वाजता. अशा वेळी परीक्षा पुढे ढकलणं किंवा सेमिस्टरची सुट्टी घेणं हे बऱ्याच ठिकाणी नियमांत बसणारे रस्ते असतात, आणि ते मागण्यात काही कमीपणा नाही.

आता मला चार गोष्टी पाठव: वर्गाची सरासरी आणि मध्यक, कोर्सच्या कागदातला ग्रेडचा परिच्छेद, विषय सोडण्याची शेवटची तारीख, आणि हलवाहलव केल्यानंतरचा तुझा तक्ता. फायनलचं वेळापत्रक त्यावरून आखू.

तुझा,
एक जुना शिक्षक