पाण्याचा रिपोर्ट चांगला, मग झिंग्याचं आतडं रिकामं का?

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. गाव शहादा, सुरतेकडे ओलपाडजवळ भागीदारीत दोन तलाव, व्हॅनामेई जातीच्या झिंग्याचा ४० वा दिवस. फीड परवडेना म्हणून गावाकडून सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) आणि सरकी पेंड नेऊन दोन्ही तलावांवर निम्मं घरचं खाद्य चालू केलंत, आणि आता चेक ट्रेवर (खाद्य किती खाल्लं ते बघायच्या जाळीवर) झिंग्याच्या विष्ठेच्या पांढऱ्या दोऱ्या दिसताहेत. पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय, तर प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंचा डोस) दुप्पट करू का, असं विचारलंय. चार वर्षांपूर्वी मी नेमका इथेच उभा होतो.

पीएच, ऑक्सिजन, क्षारता तुम्ही बघतच असाल, ते सोडून देतो.

त्या वर्षी आखाजीला घरी, जळगावकडे आलो होतो. परतताना टेम्पोभर सरकी पेंड आणि सोया नेलं, पेलेट पाडून घेतले आणि दोन दिवसांत चारही तलावांचं खाद्य बदललं. पेंड वाईट होती असं मी आजही म्हणत नाही. चारही तलाव एकदम बदलले, ती चूक मला सगळ्यात महाग पडली. एक तलाव जुन्या फीडवर राहिला असता तर आठवडाभरात अंदाज आला असता की दोष खाद्याचा, की बियाण्यातून, म्हणजे सोडलेल्या पिल्लांतून, आलेल्या रोगाचा. बाराव्या दिवशी आतडी तुटक भरलेली दिसू लागली, मग पाण्यावर दोऱ्या आल्या. आणि तुलना करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

ऑक्सिजनच्या पिशवीत जिवंत झिंगे घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. आतड्यातले जिवाणू तपासा म्हणून हात जोडले. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि पाण्याची बाटली घेतली. अकरा दिवसांनी कागद हातात आला: पाणी समाधानकारक. झिंग्यांचं काय, तर ‘त्याचा फॉर्म वेगळा असतो.’ हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरी लॅब गाठली असती. तोवर दोन तलाव १०० च्या काउंटला (किलोत १०० झिंगे, म्हणजे लहानच) उपसावे लागले. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

पाणी चांगलं असूनही असं का होतं, तर झिंग्याचं आतडं छोटं असतं आणि खाल्लेलं काही तासांत बाहेर पडतं. जे पचत नाही, ते तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतं. सोयातल्या काही साखरा झिंग्याला पचत नाहीत. नीट न भाजलेल्या सोयात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक राहतात. सॅपोनिन आणि फायटेट हे नको असलेले घटक त्याशिवाय. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, ते लायसिन या अमिनो आम्लाला धरून ठेवतं, म्हणजे कागदावर दिसणारं प्रथिन पोटात तेवढं मिळत नाही. व्हिब्रिओ हा रोग करू शकणारा जिवाणू निरोगी झिंग्याच्या आतड्यातही असतो. पण फिशमील (माशांची पूड) फार कमी करून कच्चं सोया वाढवलं, की बाकीचे जिवाणू मागे पडून तो डोईजड होऊ शकतो. झिंग्याच्या मधल्या आतड्याला बाकी आतड्यासारखं कायटिनचं अस्तर नसतं, एका पातळ पडद्यावर सगळं भागतं. तिथे सूज आली की जिवाणूंना आत शिरायला वाट मोकळी.

म्हणून माझं ठाम मत: प्रोबायोटिक दुप्पट करणं म्हणजे पैसे पाण्यात. बॅसिलस हा प्रोबायोटिकमधला जिवाणू बाटलीतून आणखी ओतण्यापेक्षा त्याच्याकडून सोया आधीच आंबवून घ्या. आंबवताना त्या साखरा आणि नको असलेले घटक बरेच कमी होतात. वनस्पतीजन्य खाद्य चालतच नाही असं नाही. चेन्नईच्या ‘सिबा’ या सरकारी मत्स्यशेती संशोधन संस्थेने देशी घटकांतून ‘व्हॅनामेई प्लस’ हे खाद्य उभं केलंच आहे. पण त्यात अमिनो आम्लांचा हिशोब असतो, आपल्या टेम्पोत तो नसतो. काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांची पूडही आता विकायला येते. त्यातलं लॉरिक आम्ल जिवाणूंना आवरतं म्हणतात, पण कायटिन फोडून खाणं हे व्हिब्रिओचं मूळ कामच, त्यामुळे मी ती थोडीच वापरतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका.

मी डॉक्टर नाही, तुमचे तलाव पाहिलेले नाहीत. पांढऱ्या दोऱ्या ईएचपी या सूक्ष्म परजीवीनेही येतात, तेव्हा पीसीआर आधी करा आणि खाद्याला दोष नंतर द्या. खासगी लॅबला आतड्याची टीसीबीएस प्लेट (व्हिब्रिओ वाढवून मोजायची चाचणी) लावायला सांगा, आणि एकूण आकड्यावर न थांबता पिवळ्या आणि हिरव्या वसाहती वेगळ्या मोजून मागा. कुणी गुपचूप अँटिबायोटिक सुचवेल. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान बंद आहेत, आणि त्यांचा अंश सापडून माल अडकला तर शेजाऱ्यांचाही दर पडतो.

एक पेंडीबद्दल. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पोतं ठेवलं की बुरशी धरते, आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट झिंग्याच्या यकृतावर जातं. कुबट वास आलेलं पोतं आमच्याकडे गुरांनाही घालत नाहीत.

आज संध्याकाळचं खाद्य निम्मं करा. एका तलावावर पूर्ण जुनं फीड आणा, दुसऱ्यावर घरचं हळूहळू कमी करा. दोन्ही चेक ट्रे दोन तासांनी बघून वहीत लिहा, आणि पाच दिवसांनी दोन्ही तलावांच्या आतड्यांचे फोटो इथे टाका.