कामाच्या गाडीत मशिनी चालवायला २३० व्होल्ट घ्यायचे आहेत? आधी हे बघ

बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर कोणता, हा प्रश्न नंतरचा. आधी मशिनींवरच्या पाट्या वाच. चार इंची ग्राइंडर साधारण ८५० वॉटचा, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून इन्व्हर्टर २००० वॉटचा, प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखी वीज देणारा) घे. दुकानदार व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा, वॉटपेक्षा मोठा दिसणारा) आकडा सांगेल, तू वॉटच विचार.

खरी गोम १२ व्होल्टच्या बाजूला आहे. १००० वॉटचा लोड म्हणजे बॅटरीतून ९० अँपिअर. घरच्या वायरिंगची वायर तिथे वितळेल. ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, शक्य तितकी आखूड, टोकांचे लग (धातूचे कान) नीट क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात.

घरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत नको. खड्ड्यांत ॲसिड सांडतं, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. महाग वाटली तरी लिथियम आयर्न फॉस्फेट घे. तिचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) २०० अँपिअर देतो का, तेवढं तपास. गाडीच्या स्टार्टर बॅटरीला हात लावू नकोस. आल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) या नव्या बॅटरीचं चार्जिंग डीसी-डीसी चार्जरमधूनच, म्हणजे दोन्ही बॅटरींच्या मधे बसणाऱ्या चार्जरमधून.

आता आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची. ती लावून, टेस्ट बटण दाबून लोक निर्धास्त होतात. इन्व्हर्टरचा न्यूट्रल चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेला नसेल तरी बटण दाबल्यावर ती पडतेच, खऱ्या गळतीला मात्र पडेलच असं नाही. ही न्यूट्रल-चॅसी जोडणी सगळ्याच इन्व्हर्टरना चालत नाही. मॅन्युअल बघ आणि एवढं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घे. गिऱ्हाइकाच्या घरची लाइन गाडीतल्या सॉकेटांना कधीच जोडू नकोस, त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन ठेव.