“लेकरू पळंना गेलंय, मॅडम”

लातूरमध्ये समुपदेशन करायचं म्हणजे आकड्यांशी गाठ. मार्कांवरून रडणारी मुलं इथे रोजचीच. अलीकडे मात्र पालक मैदानावरचे आकडेही घेऊन येतात. तक्रार एकच: बाकीची पळतात, आमचं मागं पडतंय.

संकेत (नाव बदललंय) 16 वर्षांचा, अंगानं दणकट. रग्बीत पुढच्या फळीत, पाठीवर 3 नंबर. शिबिरातल्या सामन्यात पोरांच्या दोन खांद्यांच्या मधे जीपीएस यंत्र लावलं होतं. संध्याकाळी आकडे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. संकेत 3.8 किलोमीटर, कडेला खेळणारा त्याचा मित्र 4.9. दुसऱ्या दिवसापासून वडील त्याला पहाटे पाचला रिंग रोडवर पिटाळू लागले. महिन्याभरात सरावाचा दिवस आला की याचं पोट दुखू लागलं.

“कामचुकारपणा हाय, दुसरं काय,” वडील म्हणाले. संकेत बुटाची नाडी सोडत-बांधत बसला.

दोन भेटी अशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत विचारलं, “सामन्यात सगळ्यात जास्त दम कुठं लागतो?”

“स्क्रममध्ये.” म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना ढकलतात, ते.

“तिथं किती पळतोस?”

“पळत नाही मॅडम, ढकलायचं असतं. आमच्या वयात दीड मीटरच्या पुढं ढकलूच देत नाहीत.”

आणि उठून त्यानं माझ्या लोखंडी कपाटाला खांदा लावला. मांड्या थरथरल्या, मानेची शीर तटतटली. कपाट हललं नाही. वरची फाइल तेवढी पडली.

वडील मोंढ्यात हमाल. मी म्हटलं, “दादा, सोयाबीनच्या सीझनला दिवसाला किती किलोमीटर चालता?”

“किलोमीटर कोन मोजतंय? पोती मोजत्यात.”

बोलले आणि थबकले. पोराच्या मानेकडे बघत राहिले. अशा वेळी आपण गप्प बसायचं असतं. हे शिकायला मला दहा वर्षं लागली, पण त्या दिवशी जमलं.

मनाला लागतो तो आकडा नसतोच, त्यावर आपण चिकटवलेली चिठ्ठी असते, असं मी मानते. 3.8 वर ‘कामचुकार’ लिहिलं होतं. रग्बीत पुढच्या फळीचे आठ जण मागच्या सातांपेक्षा साधारण कमीच अंतर कापतात, मोठ्यांच्या 80 मिनिटांच्या सामन्यातसुद्धा. त्यांची ताकद स्क्रम, टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं), पडणं आणि लगेच उठणं यांत जाते. तेव्हा पालकांनो, तुलना करायचीच तर त्याच जागेवर खेळणाऱ्याशी करा. तेरा-चौदाच्या सुमारास मुलं झपाट्यानं उंच होतात, काही महिने पळणं बेंगरूळ दिसतं. तेव्हा जादा फेऱ्या लावू नका. गुडघ्याखाली दुखत असेल तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरकडे जा.

रिंग रोड बंद झाला. परवा संकेत सांगत होता, पप्पा मॅचला आले होते, प्रत्येक स्क्रमला एक बोट दुमडत होते. दहा बोटं संपल्यावर शेजारच्याचा हात धरला म्हणे.